दसऱ्याआधी की मतदानानंतर?

वसुलीवाल्यांच्या फोनवरच्या दमदाटीबद्दल आपण पुष्कळ वाचतो. पण ते फोन थांबतात, मध्ये काही वर्षं जातात आणि एक दिवस बेलीफ समन्स घेऊन दारात उभा राहतो, त्यानंतर काय होतं? ते बघायला पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात एका वकीलबाईंच्या टेबलाशी जाऊन बसलो. बाई म्हणाल्या, "बऱ्याचदा काहीच होत नाही. माणूस घाबरतो, कागद कपाटात टाकतो, तारखेला येत नाही. मग एकतर्फी हुकूमनामा."

समोरचे काका मात्र आले होते. त्यांचं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे समन्सच्या, दाव्याच्या तीन-तीन प्रती काढून आणल्या होत्या. क्रेडिट कार्डाची बाकी होती साधारण 41 हजार. मागणी 1 लाख 87 हजारांची. वादीच्या जागी बँकेचं नावच नव्हतं. बँकेने ही थकबाकी एका कंपनीला विकली होती आणि त्या कंपनीचं नाव काकांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं होतं. कंपनीने ती किती रुपयांना घेतली, हे काही दाव्यात लिहिलेलं नव्हतं.

"पैसे मी घेतले होते हो मॅडम. मुलीच्या अ‍ॅडमिशनला. नोटाबंदीच्या आधीपासूनच धंदा बसला होता..."

बाईंनी त्यांना मध्येच तोडलं. "ते राहू द्या काका. शेवटचे पैसे कधी भरले?"

सप्टेंबर 2016. त्यापुढचं बिल 18 ऑक्टोबर 2016 पर्यंत भरायचं होतं, ते राहिलं. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा पैशांच्या दाव्याला तीन वर्षं. म्हणजे 18 ऑक्टोबर 2019. दावा दाखल झाला 2023 मध्ये. मला वाटलं, संपलंच की. तिसरं कलम तर सांगतं की प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचा. पण प्रतिवादी आलाच नाही, तर वादीने तारखांची जी गोष्ट रचली असेल तिला खोटं कोण पाडणार?

ही गोष्ट दाव्याच्या सातव्या परिच्छेदात होती: 'प्रतिवादीने सन 2019 मध्ये अंशतः रक्कम भरून कर्ज मान्य केले.' फक्त साल. महिना नाही, तारीख नाही, सोबत पावतीची प्रतही नाही.

"काही भरलं होतं का तुम्ही?"

काका ओशाळले. "पाचशे रुपये. दुकानात एक मुलगा रोज येऊन बसायचा. गिऱ्हाइकांसमोर. म्हणाला, पाचशे द्या, मी रिपोर्ट लिहितो, परत येत नाही."

"सही केली?"

"केली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढचा बराच वेळ त्या पाचशे रुपयांत गेला. मुदत संपायच्या आत थोडी रक्कम भरली आणि त्याची सहीनिशी नोंद असली, तर 19 व्या कलमाप्रमाणे तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्यात कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळलेला. म्हणजे ते पाचशे 18 ऑक्टोबरच्या आधीचे असतील, तर 2023 चा दावा आरामात मुदतीत बसतो. नंतरचे असतील, तर मेलेली मुदत त्यांनी जिवंत होत नाही. दुकानातली कटकट टाळायला दिलेली एक नोट, आणि तिच्या तारखेवर 1 लाख 87 हजार टांगलेले. त्या मुलाला हे ठाऊक नसेलही. त्याला पाठवणाऱ्यांना नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

"दसऱ्याच्या आधी की नंतर?" त्या वर्षी दसरा 8 ऑक्टोबरला होता, लक्ष्मीपूजन 27 ला. काकांना आठवेना. दुकानाला तोरण होतं का? माहीत नाही. आकाशकंदील? मग ते एकदम म्हणाले, "सही करताना तो मुलगा माझ्या बोटाकडे बघून म्हणाला, काका, मतदान केलेलं दिसतंय."

विधानसभेचं मतदान 21 ऑक्टोबर 2019 ला झालं. त्याआधी लोकसभेचं एप्रिलमध्ये. "उन्हाळा होता का?" बाईंनी लगेच विचारलं. नाही, पावसाने त्याची पावती भिजली होती. म्हणजे ऑक्टोबरच.

मी खूश झालो, बाई झाल्या नाहीत. त्या कागदावर काय लिहिलं होतं? "वाचलं नाही." तिथेच खरी भीती होती. 'उरलेले फेडीन' असं लिहून खाली सही असेल, तर मुदत संपलेल्या कर्जाचाही 1872 च्या करार कायद्याच्या 25 व्या कलमाने नवा करार होतो.

कैफियत टाइप व्हायला फार वेळ लागला नाही. दावा मुदतबाह्य, सातवा परिच्छेद नाकबूल, थकबाकी विकल्याचा मूळ करार दाखवा, खात्याचा उतारा कायद्याप्रमाणे प्रमाणित करून द्या. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत ही द्यायची असते, कोर्ट फार तर 90 पर्यंत ताणू देतं. काका बाविसाव्या दिवशी आले होते. सोबत वेगळा अर्ज: पाचशे रुपयांची मूळ पावती कंपनीने हजर करावी.

"पण मॅडम, घेतलेले पैसे बुडवल्यासारखं होतंय."

"41 हजारांचं वाईट वाटू द्या. 1 लाख 87 हजारांचं कशाला?" बाईंनी वकीलपत्र त्यांच्यापुढे सरकवलं. काकांनी आधी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग सही केली.

पुकारा झाला तेव्हा कंपनीच्या वकिलांनी मूळ पावतीसाठी मुदत मागितली. ती मिळाली. बाहेर जिन्यात त्यांच्या कारकुनाने काकांना गाठून हळूच सुचवलं की टोकन म्हणून हजारभर भरून टाका, वरच्यांशी बोलून तडजोडीचं बघतो. काकांनी त्याला बाईंचा नंबर दिला.