गिनी कोंबडी माणसाळते का?

बालमित्रांनो, गावठी कोंबडी तुम्ही रोज पाहता. पण गिनी कोंबडी किती जणांनी जवळून पाहिली आहे? ‘जवळून’ असे मुद्दाम लिहितो, कारण ती सहसा जवळ येऊच देत नाही. आमच्या नागावच्या वाडीत सहा गिनी कोंबड्या आहेत. त्यांच्या स्वभावाविषयी मी माहिती देणार आहे.

हा पक्षी मूळचा आफ्रिकेतला. अंग राखाडी, त्यावर पांढरे ठिपके, डोके बोडके आणि तुऱ्याऐवजी शिंगासारखा उंचवटा. तिकडे हे पक्षी थव्याने राहतात. दिवसा जमिनीवर चरतात, रात्री झाडावर झोपतात. एकाने शत्रू पाहिला की सगळे ओरडतात. आपली कोंबडी हजारो वर्षे माणसाच्या अंगणात राहून निवळली. गिनी कोंबडी मात्र रान विसरली नाही. घार दिसो, साप दिसो, नाहीतर पोस्टमन येवो, ओरडा तोच! दोन तुकड्यांची हाक फक्त मादी देते, त्यावरून ती ओळखावी. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तेथे कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी अशा जाती तयार झाल्या. नावे ऐकून वाटते की मांडीवरच येऊन बसतील!

मामाने आम्हाला १२ अंडी दिली. आजीने ती खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवली. गावठी पिल्ले २१ दिवसांत निघतात, पण यांना २६ ते २८ दिवस लागतात. कोंबडी कंटाळून उठेल की काय, याची आजीला काळजी. पण बिचारी बसून राहिली. नऊ पिल्ले निघाली. दोन पिल्ले पावसात भिजून गारठली नि मेली. लहानपणी यांना ओल सोसत नाही.

उरलेल्या सातांना माणसाळवायचे मी ठरवले. रोज त्यांच्यामागे धावायचो. एकदा एकीला शेपटीला धरले, तर पिसे माझ्या हातात आणि ती पोफळीपलीकडे! आजी म्हणाली, “अरे, तू धावतोस म्हणून ती पळतात. गप खाली बस की.” मग रोज दिवस कलताना त्याच जागी बसून कणीचा डबा वाजवू लागलो. महिनाभराने ती माझ्या हातावरची कणी टिपू लागली. तरी उचलू मात्र देत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात एक मादी रोज दुपारी गायब होऊ लागली. मी लपत लपत मागे गेलो. कुंपणाच्या झुडपात १४ अंडी! आनंदाने मी सगळी उचलून घरी आणली. आजी कपाळाला हात लावून म्हणाली, “चार तरी ठेवायचीस रे! आता ती जागा बदलेल.” तसेच झाले. नवी जागा कोणालाच सापडली नाही. ती तिथे अंड्यांवर बसली असावी, कारण रात्री खुराड्यात येईनाशी झाली. आठ दिवसांनी विहिरीमागच्या गवतात नुसती पिसे मिळाली. कोल्ह्याने नेली असेल. त्या दिवशी मी जेवलो नाही. अंडी मी नेली नसती, तर जागा ठाऊक असती आणि रात्री तिच्यावर टोपली तरी झाकता आली असती.

आता मी घरट्यात चार-पाच अंडी ठेवूनच बाकीची घेतो. संध्याकाळची कणी खुराड्यातच टाकतो, म्हणजे सगळी आपणहून आत येतात. धरायचे झालेच, तर पाय न ओढता दोन्ही हातांनी पंखांसकट धरतो, कारण पाय नाजूक असतात.

तर मित्रांनो, गिनी कोंबडी माणसाळते. पण ती आपल्या जागेला, वेळेला आणि डब्याच्या आवाजाला माणसाळते, हाताला नव्हे. किती जवळ यायचे ते तिलाच ठरवू द्यावे. हे मला एक पक्षी गमावून कळले. तुम्ही तसे करू नका.

(इयत्ता ७ वी)