रायपूरमधील कुटुंबांचा वाणसामानाचा खर्च: सरासरी आकड्याचा अर्थ

महिन्याच्या आरंभी वाण्याची यादी करताना प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला जातो: आपला खर्च इतरांपेक्षा अधिक होतो की कमी? रायपूरच्या गोलबाजारात किंवा शास्त्री बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या कुटुंबापुरते या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शोधता येते. मात्र हे उत्तर वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या कालावधीत झालेल्या या पाहणीत देशभरातील २ लाख ६१ हजारांहून अधिक कुटुंबांकडून माहिती घेण्यात आली. तीनुसार छत्तीसगडमध्ये दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात २,७३९ रुपये, तर शहरी भागात ४,९२७ रुपये होता. राज्यांमध्ये हे दोन्ही आकडे सर्वांत कमी ठरले. देशाची सरासरी अनुक्रमे ४,१२२ आणि ६,९९६ रुपये होती.

हा खर्च केवळ किराण्याचा नव्हे. त्यात घरभाडे, प्रवास, औषधोपचार, शिक्षण, कपडे असे सर्व काही येते. देशपातळीवर अन्नपदार्थांचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के आढळला. हेच प्रमाण छत्तीसगडच्या शहरी सरासरीस लावले, तर चार जणांच्या कुटुंबाचा एकूण खर्च १९,७०८ रुपये आणि त्यातील अन्नावरील खर्च सुमारे ७,८०० रुपये येतो. ग्रामीण कुटुंबासाठी हाच हिशेब सुमारे ५,१५० रुपये होतो. हा केवळ ढोबळ अंदाज होय. शिवाय त्यात दूध, भाजीपाला, मांस-मासळी, चहा आणि बाहेरील खाणे यांचाही समावेश असल्याने प्रत्यक्ष वाण्याचे बिल याहून कमी असते.

तांदूळ हिशेबात कोठे असतो?

छत्तीसगडचा आकडा इतका कमी असण्यामागे उत्पन्न कमी असणे हे प्रमुख कारण असले, तरी रेशनचा तांदूळ हेही एक कारण आहे. राज्याने डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे केंद्राच्या २०१३ च्या कायद्यापूर्वीच, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा संमत केला. राज्याच्या नियमानुसार तीन ते पाच सदस्यांच्या प्राधान्य गटातील कुटुंबास महिन्याला ३५ किलो तांदूळ मिळतो. केंद्रीय योजनेखालील धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य देण्यात येत असून, १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ही सवलत सुरू ठेवण्याचा निर्णय झाला.

जे धान्य फुकट मिळते, त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. म्हणून वरील आकड्यांत त्याचे मूल्य धरलेले नाही. अशा विनामूल्य वस्तूंचे मूल्य मिळवले असता देशाची ग्रामीण सरासरी ४,१२२ वरून ४,२४७ रुपयांवर आणि शहरी सरासरी ६,९९६ वरून ७,०७८ रुपयांवर जाते. त्यामुळे ज्या घरात रेशनचा तांदूळ शिजतो, त्या घराचे ताट त्याच्या खर्चाच्या आकड्यापेक्षा थोडे अधिक भरलेले असते.

भाताच्या सोबतीचा खर्च

१८५७ मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी बेल्जियममधील श्रमिक कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून एक नियम मांडला. उत्पन्न वाढत जाते तसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटत जातो, असे तो सांगतो. भारताचा अनुभवही यास दुजोरा देतो. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबे खर्चाचा ५९ टक्के भाग अन्नावर वेचत असत. एकट्या तृणधान्यांचा वाटा तेव्हा २२ टक्क्यांहून अधिक होता. २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांखाली आला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, कुटुंबाचे अंदाजपत्रक आता तांदूळ-गव्हापेक्षा डाळ, तेल, भाजीपाला आणि दुधाच्या भावावर अवलंबून आहे. यातील भाजीपाला आणि तेलाचे भाव तर झपाट्याने बदलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के असताना भाज्यांची महागाई ४२ टक्क्यांवर पोहोचली होती. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल देश आयात करतो. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणण्यात आले. अशा निर्णयांचे पडसाद रायपूरच्या फोडणीपर्यंत उमटतात.

भाववाढीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. अन्नाचे भाव १० टक्क्यांनी वाढले, तर खर्चाचा निम्मा भाग अन्नावर वेचणाऱ्या घराला तीच खरेदी करण्यासाठी एकूण खर्च ५ टक्क्यांनी वाढवावा लागतो. ज्या घरात हा वाटा एक-चतुर्थांश आहे, तेथे अडीच टक्के पुरेसे होतात. पहिल्या घराकडे तेवढी शिल्लक नसते. रेशनमुळे भात टिकतो. कमी होते ती डाळ, फळे आणि दूध. पोट भरते, पण पोषणात उणीव राहते.

सरासरीवर किती विसंबावे?

सरासरी आकडा ही दरी दाखवू शकत नाही. २०२३-२४ मध्ये देशाच्या शहरी भागातील सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च २,३७६ रुपये होता, तर सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा २०,३१० रुपये. म्हणून आपल्या घराची तुलना करताना प्रथम खर्चास सदस्यसंख्येने भागावे, अन्नाचा वाटा किती टक्के येतो ते पाहावे आणि रेशनवर मिळालेल्या धान्याची स्वतंत्र नोंद ठेवावी. तीन-चार महिन्यांच्या नोंदींवरून भाववाढीत आपण कोणती वस्तू कमी केली, हेही स्पष्ट होते.

या नोंदींना सार्वजनिक महत्त्वही आहे. ग्राहक किंमत निर्देशांकात कोणत्या वस्तूस किती भारांश द्यावा, हे याच पाहणीच्या आधारे ठरते. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेत अन्न व पेयांचा भारांश ४५.८६ टक्के होता आणि तो २०११-१२ च्या पाहणीवरून निश्चित करण्यात आला होता. पाहणी करणारे कर्मचारी घरी आले असता डाळ-तेलाचा हिशेब नीट सांगणे, ही म्हणूनच निव्वळ औपचारिकता नव्हे. देशाची महागाई मोजण्याची फूटपट्टी अशाच घरगुती हिशेबांतून तयार होते.