वासाचा थेट रस्ता

हिवाळ्यात जळगावकडच्या शेतात भरीत पार्टी रंगते. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी काळीठिक्कर होतात, साल फुटून रस फसफसतो आणि बांधापलीकडच्या माणसालाही सांगावं लागत नाही. ‘जळगाव भरीत वांगी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वासाला मात्र मानांकन नाही. तो काडीतल्या लिग्निनचा. ते जळताना ग्वायकॉलसारखी द्रव्यं सुटतात, तोच आपला ‘धुरकट’ वास.

डोळ्या-कानांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमसच्या नाक्यावर थांबतात. वासाचा संदेश नाका चुकवून भावनांशी निगडित अमिग्डालाजवळ पोचतो. स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पसही तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून पुण्यातल्या गॅसवर वांगं भाजताना धुळ्याची आजी आधी आठवते, वासाला शब्द नंतर सापडतो. तोही बहुधा उसनाच: ‘भरितासारखा’.

माणसाकडे वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला. २००४ चं नोबेल त्यासाठीच. एकेक गंध अनेक ग्राहक मिळून ओळखतात.

जाळापाशी बसलेल्याला मात्र थोड्या वेळानं वास जाणवेनासा होतो. नाक सरावतं. आणि सर्दी झाली असेल तर पार्टीला न गेलेलंच बरं: चावताना घशामागून नाकात चढणारा वासच आपण ‘चव’ म्हणून खातो. तो बंद झाला की उरतं मीठ आणि मिरचीचा जाळ.