पडलेला मनोरा, ओळखीचा आवाज



भातसा नदीला पूर आला, की आमच्या खडवलीत दहा तोंडांनी दहा बातम्या फिरू लागतात. कोणी म्हणतो धरणाचे दरवाजे उघडले, कोणी म्हणतो गाड्या बंद झाल्या. अशा वेळी आपण विश्वास ठेवतो तो कुणावर? ज्याचा आवाज ओळखीचा, त्याच्यावर. आज मी ज्या रेडिओ केंद्राची हकीकत सांगणार आहे, ते आहे दूर पश्चिम आफ्रिकेत; पण त्याच्यापुढचा प्रश्न नेमका हाच होता.

अटलांटिक महासागराच्या काठी लायबेरिया नावाचा देश आहे. आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे एक तृतीयांश. आपल्या ठाणे जिल्ह्यासारखाच धो-धो पाऊस, आणि जेवणात मुख्य म्हणजे भात. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी. पण खेड्यापाड्यांत पेले, बासा अशा कितीतरी भाषा बोलतात. राजधानी मनरोव्हिया. या शहराबाहेर ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एक रेडिओ केंद्र उभारले. १८ जानेवारी १९५४ रोजी त्याचे पहिले प्रक्षेपण झाले. नाव 'ईएलडब्ल्यूए'. 'शाश्वत प्रेम आफ्रिकेला जिंकत आहे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातली ही आद्याक्षरे. हेतू उघड होता: धर्मप्रचाराचा. परंतु चालकांनी एक गोष्ट ओळखली. परक्या भाषेतले बोलणे कानापर्यंत पोचते, मनापर्यंत नाही. म्हणून त्यांनी स्थानिक भाषांतून, त्या त्या भाषेच्या माणसांकडूनच कार्यक्रम करवले. पुढे १९६५ साली त्याच आवारात इस्पितळही सुरू झाले.

मग युद्ध आले. डिसेंबर १९८९ मध्ये बंडखोर देशात घुसले आणि यादवी पेटली. १९९० साली लढाई राजधानीच्या दारात आली, तेव्हा हे केंद्र तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झाले. माणसांनी ते पुन्हा उभे केले. १९९६ साली मनरोव्हियात परत लढाई जुंपली, आणि केंद्राची पुन्हा नासधूस झाली. कायमचा तह झाला तो ऑगस्ट २००३ मध्ये. तोवर दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसे मेली, असा अंदाज सांगतात. पुढे २००७ साली शांतता राखण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने तिथे पोलीस पथक नेले, ते आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांचे होते. असा हा लांबचा देश आपल्याला अगदीच परका नाही!

आता विचार करा. मनोरा पुन्हा बांधता येतो. पैसा आणि कारागीर मिळाले की झाले. पण ज्या देशात शेजाऱ्याने शेजाऱ्यावर बंदूक धरली, तिथे विश्वास कसा बांधायचा? रेडिओ हे दुधारी शस्त्र आहे, बरे का! १९९४ साली रवांडा देशात एका रेडिओ केंद्राने द्वेष पसरवून कत्तलीला चिथावणी दिली. तिथेही लोकांनी ओळखीच्या आवाजावरच विश्वास ठेवला होता. म्हणजे आवाज ओळखीचा असून भागत नाही, तो खराही असावा लागतो.

लायबेरियाची परीक्षा २०१४ साली झाली. इबोला नावाचा भयंकर रोग आला. मृताच्या देहाला हात लावला तरी तो जडे. आणि तिथे तर मृताला आंघोळ घालण्याची रीत! 'बापाला शेवटचा हात लावू नका' हे सांगायचे कुणी, आणि ऐकायचे कसे? सरकार खोटे बोलते, रोगबिग काही नाही, असे पुष्कळांना वाटे. ऑगस्टमध्ये मनरोव्हियातल्या एका वस्तीत जमावाने रुग्णांच्या केंद्रावरच हल्ला केला. तेव्हा रेडिओ केंद्रांनी लोकांच्या बोलीत, ओळखीच्या माणसांच्या तोंडून तेच तेच पुनःपुन्हा सांगितले. पाद्री बोलले, इमाम बोलले. ईएलडब्ल्यूएच्या आवारातल्या इस्पितळाने तर आपले प्रार्थनामंदिरच रुग्णांसाठी मोकळे केले. शब्दामागे अशी कृती उभी असली, म्हणजे शब्दाला वजन येते. लायबेरियात ४८०० हून अधिक माणसे दगावली. पण ९ मे २०१५ रोजी देश रोगमुक्त जाहीर झाला. पुढे थोडे रुग्ण पुन्हा आढळले, पण ती मोठी लाट ओसरली होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात आपल्यासाठी काय आहे? आपल्याकडे १९५६ साली पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत आकाशवाणीने एक प्रयोग केला होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. रेडिओ नुसता बोलत नव्हता, तो ऐकतही होता. विश्वास वाढतो तो असा.

आमच्या भागात कातकरी वाड्या आहेत. एकदा एका वाडीवर मी आरोग्याची सूचना अगदी शुद्ध मराठीत वाचून दाखवली. सगळे माना डोलावून गप्प राहिले. तिथल्याच एका मुलीने ती आपल्या बोलीत सांगितली, आणि क्षणात बायका प्रश्न विचारू लागल्या! माझी एम. ए.ची पदवी त्या दिवशी त्या मुलीपुढे कमी पडली, हे मला कबूल केले पाहिजे.

तेव्हा वर्गात मूल आपल्या बोलीत बोलले, तर त्याला लगेच दटावू नका. आधी ऐकून घ्या. पूर, साथ, भांडण, काही ना काही संकट कधीतरी येतेच. त्या दिवशी गावाने तुमचे ऐकावे असे वाटत असेल, तर त्याची तयारी आज, सगळे ठीक असतानाच करायला हवी.