घरची धूळ आणि रात्रीचा खोकला

घरांतील एखाद्या मुलाला पहांटे शिंका येऊं लागतात, नाक वाहतें, रात्रीं खोकल्याची उबळ येऊन तें उठून बसतें. आणि वडील मंडळींचा निर्णय ठरलेला असतो : दहीं बंद, केळें बंद, थंड पाणी बंद! आईला दोन शब्द ऐकावे लागतात ते निराळेच. मुलाचें ताट असें दिवसेंदिवस रिकामें होत जातें. पण ज्या गादीवर तें आठ-नऊ तास निजतें तिच्याकडे कोणी पाहत नाहीं.

निरुपद्रवी पदार्थालाच शत्रु समजून शरीर त्याच्यावर उठतें, या विकृतीशीं निगडित असलेला ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं योजिला. घरच्या धुळीनें दमा बळावतो हें वैद्यांस माहीत होतें. परंतु त्या धुळींत मुख्य अपराधी कोण, हें १९६० नंतरच्या दशकांत हॉलंडमधील लायडन येथें फोरहॉर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनानें उघड झालें. हा अपराधी म्हणजे गोचिडीच्या कुळांतील माइट नांवाचा आठ पायांचा सूक्ष्म जीव. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तो चावत नाहीं. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा खातो, आणि त्याच्या विष्ठेचे कण आपल्या नाकांत जातात. तो पाणी पीत नाहीं, हवेंतील ओल शोषतो. म्हणून हवेंतील आर्द्रता दीर्घकाळ निम्म्याहून खालीं राहिली कीं सुकून मरतो. मुंबईकोंकणच्या पावसाळ्यांत त्याची काय चैन होत असेल, हें सांगावयास नकोच.

आतां आपल्या एकत्र कुटुंबांतील रीत पाहा. सकाळ झाली कीं दहा-बारा गाद्या, उशा, गोधड्या तत्काळ गुंडाळून एकावर एक रचावयाच्या. अंगाचा घाम व उष्मा आंतल्या आंत कोंडतो. शक्य तेथें अंथरूण तास-दीड तास उघडें पसरूं द्यावें, हें बरें. चादरी व अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्यांत, साठ अंशांच्या आसपास, धुवावे. साध्या पाण्यानें मळ जातो, पण बहुतेक जीव वांचतात. परटाची भट्टी या बाबतींत खरोखर गुणकारी होती! गादीला कडक ऊन दोन्ही बाजूंनीं द्यावें. मात्र उन्हानें जीव मेला तरी त्याची घाण कापसांत राहतेच, म्हणून नंतर गादी झटकावी व ती मुलापासून दूर. पिंजारी बोलावला तर त्या दिवशीं मुलाला घरांत ठेवूं नये. घट्ट विणीची खोळ गादी-उशीला घालावी, आणि पावसाळ्यांत ऊन नसतें तेव्हां त्या मुलाखालीं एकच पातळ गादी पुरे.

कोरड्या केरसुणीनें धूळ जाते कमी, उडते अधिक; ओलें फडकें चांगलें. येथें एक स्पष्ट बोललें पाहिजे. केर काढतांना जी सून शिंकून बेजार होते, तिला कामचुकार म्हणण्याचा प्रघात आहे. ती आजारी आहे. तें काम दुसऱ्यानें, पुरुषानेंही, करावें. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

मोरीजवळची झुरळें व भिंतीवरची बुरशी यांचाही वांटा आहे. उदबत्तीचा धूर अ‍ॅलर्जीहून निराळा, पण सुजलेल्या श्वासनलिकेला तोही सोसत नाहीं. देवघराचें दार त्या वेळीं लोटून घ्यावें.

केवळ खोळ घातल्यानें दमा जातो, असें कोणी समजूं नये. एकट्या उपायाचा लाभ परीक्षणांत फारसा आढळलेला नाहीं. वैद्यानें दिलेलें श्वासावाटे घ्यावयाचें औषध तर मनानें मुळींच थांबवूं नये. अन्नाची अ‍ॅलर्जी असते खरी, पण ती बहुधा खाल्ल्यावर थोड्याच वेळांत अंगावर पित्त, ओठांना सूज अशा रूपानें दिसते. तपासणीवांचून वाढत्या मुलाचें दूधदहीं तोडणें हा अन्याय होय. वैद्याकडे जाण्यापूर्वी पंधरा दिवस एका वहींत टिपून ठेवावें : खोकला किती वाजतां आला, कोणत्या खोलींत, कोणत्या अंथरुणावर, आणि मामाच्या घरीं मुक्कामास गेल्यावर तो कमी झाला काय.