गोळी मनाची, मळमळ पोटात

‘डॉक्टर, मन उदास म्हणून गोळी दिलीत, आणि आता पोटात मळमळतंय. ही गोळी नक्की मनाचीच ना?’ नैराश्यावर औषध सुरू केलेल्या अनेकांना पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतो. प्रश्न अगदी रास्त आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रसायनांमार्फत. त्यांतलंच एक सेरोटोनिन. निरोप पोचला की पेशी उरलेलं सेरोटोनिन परत शोषून घेते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्या हे शोषणं रोखतात. पण गोळी रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. ‘फक्त मेंदूकडे जा’ असं तिला बजावता येत नाही. त्यात शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन असतं आतड्यात! तिथं त्याचा जोर वाढला की मळमळ होते, जुलाब होतात. झोप आणि कामेच्छा यांच्याशीही त्याचा संबंध असल्यानं त्यांवरही परिणाम होतो.

जुन्या गोळ्यांचा पसारा याहून मोठा होता. स्वित्झर्लंडचे डॉ. रोलांड कुन यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिनचा गुण जगापुढे मांडला. हे औषध अ‍ॅसिटिलकोलिन आणि हिस्टामिन या रसायनांच्याही कामात अडथळा आणतं. पहिल्यामुळे तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. दुसऱ्यामुळे गुंगी येते. नव्या गोळ्यांनी हा त्रास कमी केला, संपवला नाही.

खरी मेख वेळेत आहे. गोळीचं रासायनिक काम काही तासांत सुरू होतं, म्हणून त्रास आधी जाणवतो. मेंदूला मात्र या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. त्यामुळे गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. नेमक्या याच काळात ‘सोसत नाही’ म्हणून अनेकजण गोळी सोडतात आणि आजार मात्र राहतो.

तेव्हा मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घेता येईल का, हे विचारा. कामेच्छा मंदावणं, वजन वाढणं असे त्रास रेंगाळू शकतात. संकोच न करता सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. मनानं गोळी एकदम थांबवू नका. चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, असा त्रास होऊ शकतो. याचा अर्थ गोळीचं व्यसन लागलं असा नव्हे. शरीराला ती हळूहळू कमी करावी लागते, इतकंच.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी लक्षात ठेवावी. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णात, अस्वस्थता वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर वाट पाहू नये. त्याला एकटं सोडू नये आणि तत्काळ डॉक्टरांना गाठावं. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही रात्रंदिवस चालू असतो.

पोटाची मळमळ आपण बोलून दाखवतो. मनाचीही तशीच दाखवावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)