काठ्या लायोनेलच्या, हिशेब ग्लॅडिसचा

वरातीच्या बँडमध्ये गाणं वाजवणारा पुढे असतो आणि ठेका धरणारा मागे. कौतुक गाण्याचं होतं, ठेकेवाल्याला फारसं कुणी विचारत नाही. आज आम्ही अमेरिकेतल्या अशाच एका ठेकेवाल्याची माहिती सांगणार आहोत. तो मागून पुढे आला. त्याचं नाव लायोनेल हॅम्प्टन. त्याच्याबरोबर त्याच्या बायकोबद्दलही सांगू, कारण तिला वगळलं तर ही हकिकत अर्धीच राहते.

तो वाजवायचा त्या संगीताला जॅझ म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी ते घडवलं. त्यांच्या वाडवडलांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलं होतं. जॅझमध्ये चाल सगळ्यांना ठाऊक असते, पण पाळी आली की ज्याने त्याने ती आपल्या मनाने खुलवायची. जात्यावर बसल्यावर एकीने ओवी म्हणावी आणि दुसरीने त्यात आपल्या माहेरचं काही घालावं, तसंच काहीसं.

लायोनेलचा जन्म १९०८ चा. वडील पहिल्या महायुद्धात गेले ते घरी परतले नाहीत. पोराला आजीकडे वाढवलं, आणि पुढे ही मंडळी शिकागो शहरात आली. ढोल वाजवण्याचे पहिले धडे त्याला शाळेतल्या एका ख्रिस्ती जोगिणीने दिले. शिकागोत काळ्या लोकांचं एक वर्तमानपत्र होतं. ते विकणाऱ्या मुलांचा त्या पत्राने बँड काढला होता. पेपर विकायचा आणि बँडमध्ये वाजवायचं, असं या मुलाचं शिक्षण झालं. विशीच्या आसपास तो कॅलिफोर्नियात गेला आणि तिथल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवू लागला. ड्रमसेट म्हणजे एकाच माणसाने दोन हात आणि दोन पाय चार ठिकाणी चालवायचे. चुलीवर भाकरी, काखेत पोर आणि दारात कोंबडी, हे ज्यांना जमतं त्यांना याची कल्पना येईल!

१९३० साली लुई आर्मस्ट्राँग हा नावाजलेला ट्रंपेटवादक त्या बँडबरोबर रेकॉर्ड करायला स्टुडिओत आला. कोपऱ्यात एक वाद्य पडून होतं, व्हायब्रफोन. तोवर रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये टण् टण् वाजवायला ते वापरत. आर्मस्ट्राँगने लायोनेलला विचारलं, हे येतं का वाजवायला? लाकडी पट्ट्यांचं तसलंच वाद्य त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. तो उभा राहिला आणि वाजवू लागला. ‘मेमरीज ऑफ यू’ हे गाणं त्या दिवशी रेकॉर्ड झालं. जॅझमध्ये व्हायब्रफोन प्रथम ऐकू आला तो अशा रेकॉर्डमधूनच.

हे वाद्य असतं कसं? पेटीच्या पट्ट्या जशा ओळीने असतात, तशा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या मांडलेल्या असतात. लांब पट्टीचा सूर खालचा, आखूड पट्टीचा वरचा. प्रत्येक पट्टीखाली एक नळी, म्हणजे आवाज घुमतो. नळीच्या तोंडाशी छोटी चकती असते, ती विजेच्या मोटरवर फिरते, नळी उघडते आणि झाकते. त्यामुळे सूर पाण्यावर हलल्यासारखा थरथरतो. वाजवायचं दोऱ्याने गुंडाळलेल्या काठ्यांनी. पायाशी पेडल असतं, ते सोडलं की आवाज तिथेच थांबतो. जलतरंग ऐकलं असेल, तर त्याच्या जवळचा पण जास्त लांबत जाणारा नाद मनात आणा.

आता ग्लॅडिस. ती शिवणकाम करायची, हॉलिवूडच्या नट्यांचे कपडे बेतायची. व्हायब्रफोनचा नाद सोडू नकोस, असा तिचाच आग्रह होता. १९३६ साली बेनी गुडमन हा गोरा, शिंप्याच्या घरातला क्लॅरिनेटवादक लायोनेलला ऐकायला आला आणि त्याने त्याला आपल्या चौकडीत घेतलं. दोन गोरे, दोन काळे. आज यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हा तिकडे दक्षिणेत काळ्यांचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या होत्या, आणि उत्तरेतही मंचावर काळे-गोरे एकत्र वाजवताना क्वचितच दिसत. पाणवठा वेगळा असणं म्हणजे काय, हे आपल्या गावांना कुणी समजावून सांगायला नको. १९३८ च्या जानेवारीत ही चौकडी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजली. तो मंच बड्या लोकांच्या मैफलींचा.

१९४० मध्ये लायोनेलने स्वतःचा बँड काढला. तो मंचावर उड्या मारायचा, काठ्या हवेत फेकायचा, पियानोसुद्धा दोनच बोटांनी काठ्यांसारखा वाजवायचा. ‘फ्लाइंग होम’ त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं. डायना वॉशिंग्टनसारख्या गायिका आणि क्विन्सी जोन्ससारखे संगीतकार त्याच्याच बँडमधून पुढे आले. पण करार, पगार, प्रवास, पैसा हे सगळं ग्लॅडिसच्या हातात. ती हात राखून खर्च करायची, आणि पगार कमी म्हणून वादक कुरकुरायचेही. त्यांची तक्रार खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. पण मोठमोठे बँड एकामागून एक बंद पडत होते तेव्हा हा चालू राहिला, हेही खरं. दोघांच्या नावांतून जोडलेली ‘ग्लॅड-हॅम्प’ नावाची रेकॉर्ड कंपनीही होती.

जॅझ आपल्याकडेही पोचलं होतं. मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचे वादक ते वाजवत. त्यांतले चिक चॉकलेट हे ट्रंपेटवादक ‘अलबेला’ चित्रपटाच्या वेळी आपल्या सी. रामचंद्रांबरोबर होते. जुन्या हिंदी गाण्यांत मध्येच धातूचा थरथरता सूर ऐकू येतो, तो बरेचदा व्हायब्रफोनचाच असतो.

ग्लॅडिस १९७१ साली वारली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या काहींना लायोनेलचं नाव आहे आणि शेजारच्या इमारतीला ग्लॅडिसचं. जानेवारी १९९७ मध्ये त्याच्या घराला आग लागून वाद्यं, कागदपत्रं सगळं जळालं. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळणारं पदक घ्यायला तो उसने कपडे घालून वॉशिंग्टनला गेला. २००२ च्या ऑगस्टमध्ये, ९४ व्या वर्षी, तो न्यूयॉर्कमध्ये वारला.